एकट्याचा परवाना

भाद्रपद लागला की गोदावरीच्या बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं आणि पाथरीकडून येणारा रस्ता शेवटच्या वळणावर एकदम उजेडात उघडतो. यंदा त्या वळणावर नवा फलक लागला आहे. पाण्यावरची स्कूटर चालवणाऱ्यांसाठी सूचना. चालकाचं वय अठरा पूर्ण असावं. चालकाला पोहता यावं. जाकिटाचे पट्टे बांधल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. किल्लीची दोरी मनगटाला अडकवावी, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर यंत्र आपोआप बंद पडेल. ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं बसवू नयेत. परवाना ज्याच्या नावाचा, त्यानंच वापरावा.

फलकावरचे नियम योग्य आहेत. नदीकाठच्या बातम्या देण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला त्यातला एकही नियम जादा वाटणार नाही. बुडून मेलेल्या माणसाची बातमी चार ओळींची असते, आणि कुठला नियम मोडला ते बहुधा त्या चार ओळींतच सापडतं. तरीही नजर दुसऱ्या अटीपाशी अडकते. चालकाला पोहता यावं. साधी अट आहे. तिच्यात जात नाही, गाव नाही, कुणाचं नाव नाही. एका पावसाळ्यात याच अटीनं एक अख्खी वस्ती ओढ्यापलीकडे बसवून ठेवली होती.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्यानंतरचा तो पावसाळा. जळलेल्या घरांवर नवे पत्रे चढले होते, पण आतल्या लाकडांचा काळा रंग गेला नव्हता. एसटीत बसलेली माणसं शेजारच्याचं आडनाव विचारून मग बोलायची किंवा गप्प बसायची. मी तेव्हा परभणीच्या एका वृत्तपत्राचं पाथरीकडचं काम बघत होतो. ज्या गावाबद्दल लिहितो आहे, तिथे एकही घर जळलं नव्हतं. गावकरी हे आवर्जून सांगत. आमच्या गावात काही झालं नाही, लिहा तुमच्या पेपरात, असं चहा पाजून सांगत. गावाचं नाव इथे देत नाही. नदीकाठची चार-पाच गावं ते आपलंच समजतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

गाव आणि बौद्धवाडा यांच्या मधून ओढा जातो. उन्हाळ्यात त्यात नुसती वाळू, वाळलेला टाकळा आणि शेळ्या. श्रावणात गोदावरी भरली की तिचं पाणी उलटं ओढ्यात शिरायचं. वाहायचं नाही, नुसतं फुगायचं. गढूळ, जाड, दुधाच्या चहासारखं पाणी, त्यावर तरंगणारी कडब्याची पेंडी, मेलेला साप, कुणाची तरी वहाण. दिवाळीच्या आसपास ते उतरायचं. तोवर अलीकडे गाव, शाळा, दुकान, गिरणी, पाथरीची सडक. पलीकडे बौद्धवाडा आणि गावातल्या मोठ्या घरांची निम्मी जमीन. वरच्या अंगाला पूल होता, पण त्या वाटेनं काळ्या चिखलातून जायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. चिखल असा की पाय उचलला तर वहाण खाली राहायची, आणि वहाण उचलली तर माणूस खाली बसायचा.

म्हणून नाव होती. लिंबाजी भोई ती चालवायचा. त्याच्या बापानं चालवली, आज्यानं चालवली. उतारूंकडून पैसे घ्यायची रीत नव्हती. सुगीत खळ्यावर प्रत्येक घर त्याला धान्य घालायचं, त्यावर त्याचं वर्ष निघायचं. पोळ्याच्या आधी नावेला डांबर फासून, हळदकुंकू लावून, नारळ फोडून ती पाण्यात ढकलायचा. मग दिवाळीपर्यंत त्या नावेतून माणसं, शेळ्या, खताची पोती, नवरीची पेटी, एकदा तर पिठाच्या गिरणीचं जातं, असं सगळं गेलं. किती बसवायचे याचा नियम एकच होता. नावेचा काठ आणि पाणी यांच्यात वीतभर जागा राहिली पाहिजे, आणि ती वीत लिंबाजीची.

त्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाला कुठेशी नाव उलटली. तहसिलातून नियम आले. प्रत्येक नावेला परवाना. नावेत बारा माणसं. बाहेरून तांबडी रेघ ओढायची, ती पाण्याखाली जाता कामा नये. चालक पोहणारा पाहिजे. एका घाटावर प्रवाशांची एकच नाव. लिंबाजीला परवाना मिळाला. रेघ साहेबराव पाटलांच्या गड्यानं ओढून दिली. गोठ्याच्या दाराला आणलेला रंग उरला होता.

साहेबराव हे गावातलं मोठं घर. वरचा आवाज कधी लावत नसत. परभणीला नामांतराच्या मोर्चाला बौद्धवाड्यातली माणसं गेली होती, हे त्यांनी मनात धरलं आणि बोलून दाखवलं नाही. गिरणीवाल्यानं बौद्धवाड्याचं दळण घेणं थांबवलं, ते पट्टा तुटला म्हणून. दुकानदारानं उधारी बंद केली, ती सगळ्यांचीच बंद केली असं सांगून. शेतातली कामं बाहेरच्या मजुरांना गेली. कुणी दवंडी दिली नाही. नावेचं मात्र अवघड होतं, कारण पाण्यावर सगळे एकाच फळीवर बसतात. तिथे नियम कामाला आला. सकाळी बौद्धवाड्याच्या काठावर माणसं उभी असत. नाव शेताकडे जाणारी माणसं घेऊन यायची, त्यांना उतरवायची आणि परत फिरताना लिंबाजी म्हणायचा, भरली. नावेत चार गडी आणि दोन शेळ्या असायच्या. एखाद्यानं बोट दाखवून मोजलं तर लिंबाजी पाण्याकडे बघायचा आणि सांगायचा की बाकीचे गावाकडच्या वळणावर बसणार आहेत, त्यांची जागा धरली आहे. बहिष्कार हा शब्द कुणाला वापरावाच लागला नाही. सुरक्षितता हा शब्द पुरला.

या सगळ्यात एका माणसाला रोज पलीकडे जाणं भाग होतं. किसन साळवे. बौद्धवाड्यातले पहिले मास्तर, गावच्याच प्राथमिक शाळेत नेमणूक. नेमणूक तात्पुरती होती. पावसाळाभर हजेरी सलग भरली तर कायम, खंड पडला तर घरी. साहेबरावांचा भाचा शिक्षकाचं प्रशिक्षण घेऊन घरी बसला होता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावात किसन मास्तरांना पावसाळ्यापुरती खोली मिळाली असती तर प्रश्न मिटला असता. त्यांनी विचारून पाहिलं. घरोघरी भिंती ओल्या निघाल्या.

मास्तर तिशीतले, सडपातळ, पांढऱ्या पायजम्याच्या घड्या मोडू न देणारे. नियमांवर त्यांचा विश्वास होता. आपल्या लोकांना जे मिळालं ते नियम लिहून मिळालं, भांडून तोंडी मिळालेलं टिकत नाही, असं ते म्हणायचे. मला तेव्हा ते पटायचं. आजही ते चूक होतं असं म्हणता येत नाही, आणि हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

त्यांच्या मेहुण्यानं पाथरीजवळच्या गुऱ्हाळातून एक जुनी काहील आणून दिली. रस उकळायची लोखंडी काहील, पाच माणसं भोवती उभी राहतील एवढी रुंद, तळाला डाख दिलेली. पुरात काहिलीत बसून नदी ओलांडणं या भागात नवं नाही. हातात लाकडी फळी घ्यायची आणि डावी-उजवीकडे पाणी मागे ढकलायचं. काहील सरळ जात नाही, गरगरत जाते. माणूस निघतो गावाकडे तोंड करून आणि पोचेपर्यंत सगळी दुनिया बघून घेतो. ऊन पडलं की लोखंड तापायचं आणि जळक्या गुळाचा वास सुटायचा. किती घासली तरी काहिलीच्या काठाला मुंग्या लागायच्या. त्या मास्तरांबरोबर रोज ओढा ओलांडायच्या.

पहिले काही दिवस त्यांनी लेकरंही नेली. तीन-तीन करून, मधोमध बसवून, हलायचं नाही अशी ताकीद देऊन. त्यांची सुजाता तिसरीत होती. ती काहिलीत बसली की डोळे मिटून घ्यायची आणि काठाला लागल्यावर आपलं तोंड कोणीकडे आहे ते ओळखून दाखवायची. ओळखलं की लेकरं हसायची. त्या महिन्यात त्या पाण्यावर ऐकू आलेलं हसणं तेवढंच. गावाकडच्या काठावर ते ऐकू जात होतं.

तक्रार गेली. विनापरवाना जलवाहन, लहान मुलांच्या जिवाला धोका. तक्रारीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. काहील जप्त झाली आणि बैलगाडीतून तहसिलाच्या आवारात जाऊन पडली. तिथे तिच्यात पावसाचं पाणी साचलं आणि कारकुनांच्या सायकली तिला टेकू लागल्या.

मास्तरांच्या किरकोळ रजा संपल्या. मग ते अंधार असतानाच निघून पुलावरून चिखलाच्या वाटेनं शाळेत जाऊ लागले. पोचायचे तेव्हा मांडीपर्यंत काळे झालेले असायचे. हापशावर पाय धुवायचे, पिशवीतला दुसरा पायजमा घालायचे आणि घंटा द्यायला सांगायचे. हे पावसाळाभर चालणार नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. प्रवासी नावेचा मिळणार नव्हता, घाटावर एक नाव आहेच. स्वतःच्या काहिलीचा मागितला. तहसिलातून उत्तर आलं की चालकाला पोहता येतं हे अधिकाऱ्यासमोर सिद्ध करावं लागेल.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. गोदाकाठच्या गावात पोहणं कुणी शिकवत नाही, ते होतं. उन्हाळ्यात पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून बाप लेकराला विहिरीत सोडतो, चुलता वरून शिव्या देतो, दोन दिवसांत लेकरू तरंगतं. पण त्याला विहीर लागते. त्या गावच्या विहिरी कुणाच्या होत्या, आणि कुणाची सावलीही त्यांच्या मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्यावर चालत नव्हती, हे सांगायची गरज नाही. नदीचा पाणवठासुद्धा वाटलेला होता. वरचा डोह गावाचा, खालची उथळ चिखलवट वाड्याची, जिथे म्हशी बसतात. नदीच्या काठावर पिढ्या गेल्या, आणि बौद्धवाड्यात पोहता येणारा एक माणूस नव्हता. आता नियम विचारत होता, पोहता येतं का.

मास्तरांनी शिकायचं ठरवलं. शिकवलं लिंबाजीनं.

हे मला दोघांनीही पुढे वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं सांगणं जुळलं. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी भल्या सकाळी, नाव सोडायच्या आधी, खालच्या बाजूला जिथे बाभळींनी काठ झाकलेला होता तिथे लिंबाजी यायचा. गुडघाभर पाण्यात उभा राहून मास्तरांच्या पोटाखाली हात धरायचा. त्याच्या बापानं त्याला धरला असेल तसा. मास्तर पाणी गिळायचे. लिंबाजी म्हणायचा, "जरा बेतानं मास्तर. सगळं पिऊन टाकलाव तर माझी नाव कशावर चालंल?" मास्तर हसायला जायचे आणि आणखी गिळायचे. एका सकाळी दम खात बसले असताना त्यांनी विचारलं की हितं पोटाला हात लावता, तितं नावंत कामून घेत न्हाईत. लिंबाजीनं धोतराचा सोगा पिळला. मग म्हणाला, "हितं कोन बगायलंय? तितं घेतलं तर सुगीला खळ्यावर मला कोन उभं करंल? माजी बी लेकरं हायत." आणि उठून नाव सोडायला गेला. त्या सकाळीही नाव भरलेलीच होती.

लिंबाजीवर राग धरावा की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही. धरला तर तो सोपा पडतो. त्याचा हात आणि त्याचं तोंड यांच्यात गावाचं धान्य होतं.

परीक्षेच्या दिवशी रिमझिम होती. नायब तहसीलदार छत्री घेऊन आले. तरुण होते, लातूरकडचे, बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडावर उभे राहिले. गाव गोळा झालं. पोरं झाडांवर चढली. बाया घागरी घेऊन आल्या आणि घागरी रिकाम्याच ठेवून उभ्या राहिल्या. पलीकडच्या काठावर बौद्धवाडा उभा होता. मास्तरांच्या मंडळी गयाबाई पुढे, सुजाता त्यांच्या पदराला. मास्तर सदरा काढून उभे राहिले तेव्हा त्यांची पाठ सगळ्यांना दिसली. शिकवणाऱ्या माणसाची पाठ उघडी बघायची कुणाला सवय नसते. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "किसन्या, बुडलास तर नामांतर कुनाचं करायचं?" लोक हसले. छत्रीखालचेही हसले, मग त्यांनी तोंड पुसलं.

पलीकडच्या बाभळीला हात लावून परत यायचं होतं. मास्तर गेले. हात वेडेवाकडे पडत होते, मान फार वर येत होती, मधे एकदा दिसेनासे झाले आणि घाटावरची कुजबुज थांबली. मग डोकं वर आलं. बाभळीला हात लावला, परत फिरले. काठाला आल्यावर कुणी हात दिला नाही. ते चार पायांवर वर चढले आणि उभे राहून त्यांनी साहेबांना नमस्कार केला. लिंबाजी नावेत बसून नावेतलं पाणी उपसत होता. तिच्यात उपसण्यासारखं फारसं पाणी नव्हतं.

पुढची तपासणी काहिलीची, ती तहसिलातून त्यासाठी बैलगाडीनं परत आणली होती. तांबडी रेघ ओढलेली होती. ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब, पाथरीहून आणलेली, आत ठेवली होती. तसली ट्यूब लिंबाजीच्या परवानाधारक नावेत नव्हती, पण त्या दिवशी नावेची तपासणी नव्हती. आता वाहनाच्या पुढच्या बाजूवर परवान्याचा आकडा रंगवायचा होता. काहिलीला पुढची बाजू नसते. साहेबांनी नियमाचा कागद उलटसुलट केला. कुणी म्हणालं, मास्तर जिकडं तोंड करून बसतील तो पुढा. मास्तर शांतपणे म्हणाले की बसतो एकीकडं, पोचतो दुसरीकडं. त्यावर पहिल्यांदा दोन्ही काठ एकदम हसले. शेवटी कडी होती त्या जागी आकडा रंगवला. पुढे महिनाभर तो आकडा ओढ्यात गोल फिरत सगळ्या दिशांना आपला परवाना दाखवत राहिला. आमच्या पत्रानं काहिलीला परवाना अशी चौकट छापली. वाचकांना गंमत वाटली.

साहेब सही करायला बसले तेव्हा साहेबराव पुढे आले. त्यांनी मास्तरांचं कौतुक केलं. मग म्हणाले, "मास्तरची नड हाय, ती भागलीच पायजे. पन लेकराबाळांची जिम्मेदारी कोन घेनार, सायेब? काही झालं तर तुमच्यावर यील." साहेबांनी मान हलवली. बोलणं बरोबर होतं. परवान्यावर त्यांनी हातानं लिहिलं, केवळ स्वतःच्या वापरासाठी, अन्य व्यक्तीस बसविण्यास मनाई. मास्तरांनी ते वाचलं. वाड्यातल्या आणखी दोघांना काहिली वापरू द्याव्यात, मी शिकवीन पोहायला, असं ते म्हणाले. साहेब म्हणाले की जरूर, अर्ज करा, पुढच्या हंगामाला विचार करू. आणि छत्री मिटून जीपकडे गेले.

आज बंधाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. नारिंगी जाकिटं घातलेली मुलं वाट बघत ओळीत उभी असतात, त्यांचे बाप मोबाइल धरून. पाण्यावरची स्कूटर फेस उडवत वळते, तेव्हा काठावरच्या टिटव्या उठतात आणि पुन्हा बसतात. पट्टे घट्ट आहेत का ते बघायला एक माणूस नेमलेला आहे. तो प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून बघतो. कुणाच्याही खांद्याला. हे चांगलं झालं आहे, याची नोंद केलीच पाहिजे. ओढ्यावरही आता घाटापाशीच पूल आहे. नामविस्तार झाला तेव्हा तो होऊन बरीच वर्षं लोटली होती. तो कसा झाला तेही तिथले लोक सांगतात: पलीकडच्या शेतात ऊस आला आणि उसाच्या गाड्यांना वाट हवी होती. नाव बारा माणसांची असते, उसाला तो नियम चालला नसता.

त्या पावसाळ्यात मात्र रोज सकाळी मास्तर एकटे निघायचे. पांढरा पायजमा गुडघ्यावर, पिशवी ट्यूबवर, हातात फळी. काठावर लेकरं पाटी-दप्तर घेऊन बसलेली असायची. पहिले काही दिवस ती शाळेची वेळ म्हणून येत, नंतर सवय म्हणून, नंतर मास्तर गरगरतात ते बघायला. मागून वाड्यातल्या बाया बोलायच्या. निगाले राजे एकल्याच्या रथात, असं कुणी म्हणायचं. गयाबाई धुणं आपटत असायच्या, त्या वर न बघता म्हणायच्या की आमचा मालक सरकारचा झाला, आता त्याला घरचं वजन पेलत न्हाई. मास्तर ते ऐकायचे. पाण्यावर आवाज फार स्पष्ट येतो. साहेबरावांचा एक गडी गावाकडच्या काठावर तंबाखू मळत बसायचा. त्याला तेवढंच काम होतं.

सुजाताला तरी मांडीवर घेऊन जायचं होतं, असं मी त्यांना एकदा म्हणालो. संकरित ज्वारी तेव्हा पावसात सापडून काळी पडली होती आणि हवेत तिचा कुबट वास होता. ते म्हणाले, "एकदा नेली की परवाना गेला, नोकरी गेली. आणि नाही गेली तरी, माझी नेली तर बाकीच्यांची कुणाच्या मांडीवर बसवू?" मग म्हणाले की मी नियमानं मागितलं, त्यांनी नियमानं दिलं. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती असती तर ऐकायला सोपं गेलं असतं.

शाळेत ते हजेरी सगळ्यांची घ्यायचे. वाड्यातल्या लेकरांचीही नावं पुकारायचे. वर्गातली गावची मुलं सुरात उत्तर द्यायची, पल्याड हाय गुर्जी. पहिल्यांदा त्यात खोडी होती, नंतर ती नुसती पद्धत झाली. शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले होते, त्यांनी हे ऐकलं आणि विचारलं की पल्याड म्हणजे कुठं. मुलांनी खिडकीकडे हात केले. खिडकीतून ओढा दिसायचा, आणि पलीकडच्या काठावर लेकरं. मग त्यांना आणत का नाही, असं साहेबांनी विचारलं. मास्तरांनी खिशातून परवाना काढून दिला. साहेबांनी तो वाचला, घडी करून परत दिला, आणि शेऱ्यात लिहिलं की प्रतिकूल परिस्थितीतही शिक्षकाची उपस्थिती समाधानकारक आहे.

दिवाळीत पाणी उतरलं. वाळू दिसली, तिच्यावर बगळ्यांच्या पावलांच्या रांगा दिसल्या, आणि एका सकाळी वाड्यातली लेकरं पायांनी चालत शाळेत आली. घोट्यापर्यंत भिजून. वर्ग कवितांचे तीन धडे आणि भागाकार संपवून पुढे गेला होता. ती मागच्या बाजूला बसली. खळी झाली, लिंबाजीला धान्य मिळालं. थंडीत मास्तरांचा कायम झाल्याचा हुकूम आला. बौद्धवाड्यातला पहिला कायम नोकरीचा हुकूम. वाड्यानं गोड केलं. पावसाळ्यात बोलणाऱ्या बायाच ओवाळायला पुढे होत्या, कारण आनंद खरा होता आणि वाटून घ्यायला दुसरा नव्हता.

निकालाच्या दिवशी मी त्या शाळेत होतो. पाणीटंचाईच्या बातमीसाठी गेलो होतो, हापसा आटला होता. कडुनिंब फुलून गेला होता. मुलं नवे सदरे घालून, गुरुजींसाठी फुलं आणि कागदात साखर घेऊन आली होती. गावच्या घरांतूनही आली होती. मास्तर आता कायम होते. वर्षभराची हजेरी ठरलेल्या दिवसांइतकी भरली नसेल तर मुलाला त्याच वर्गात ठेवायचं, असा नियम होता. मास्तर उभं राहून निकाल वाचत होते. आधी पास झालेल्यांची नावं वाचली, एकेक मूल उठून नमस्कार करून बसलं. मग वाड्यातल्या मुलांची. ती काठावर बसून राहिलेले दिवस हजेरीत कुठेच नव्हते. प्रत्येक नावानंतर ते थांबत, मूल उभं राही, आणि ते सांगत की त्याच वर्गात. सुजाता सगळ्यात शेवटी. मुलीचं नुसतं नाव घेऊन भागलं असतं, कुणी काही म्हटलं नसतं. पण निकालात पूर्ण नाव घ्यायची रीत होती आणि मास्तरांनी ती मोडली नाही.

"सुजाता किसन साळवे," ते म्हणाले, "इयत्ता तिसरी. नापास."

ती उठली, नमस्कार केला, आणि इतरांसारखीच साखरेची पुडी त्यांच्या हातात देऊन खाली बसली.